मारिया मॉन्टेसरी : ज्यांना कुणी शिकवत नव्हतं, त्या मुलांना बोलतं-लिहितं करणारी डॉक्टर

नागपुरात धरमपेठ, लक्ष्मीनगर, महाल किंवा सदर अशा कुठल्याही भागात फिरलं, तर एखाद्या तरी बालवाडीच्या पाटीवर मॉन्टेसरी हा शब्द दिसतो. आत रंगीत ठोकळे, मण्यांच्या माळा, खरखरीत कागदाची अक्षरं असतात. हुशार मुलं आणखी हुशार व्हावीत म्हणून ही पद्धत निघाली, असा बऱ्याच पालकांचा समज असतो.

प्रत्यक्षात यातलं बरंचसं साहित्य आधी वेगळ्याच मुलांसाठी तयार झालं. ज्यांना बोलता येत नव्हतं, ज्यांना शाळेनं घेतलं नव्हतं आणि ज्यांना रोमच्या मनोरुग्णालयात मोठ्या माणसांसोबत कोंडून ठेवलं होतं, अशी ती मुलं. ते साहित्य तयार करणाऱ्या मारिया मॉन्टेसरी या शिक्षिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. त्यांची गोष्ट म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना भाषा कशी शिकवायची, या प्रश्नाचीही गोष्ट आहे.

आधी एक घोटाळा दूर करू

आपल्याकडे लर्निंग डिसॅबिलिटी म्हटलं की डिस्लेक्सिया आठवतो, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण पण वाचन-लेखनात अडचण. ब्रिटनमध्ये हाच शब्द बौद्धिक अपंगत्वासाठी वापरतात. इथे आपण त्या दुसऱ्या अर्थानं बोलत आहोत.

अशा मुलांसाठी मराठीत बरीच वर्षं मतिमंद हा शब्द चालत आला. आता बौद्धिक दिव्यांग किंवा बौद्धिक अक्षम असं म्हणतात. डाउन सिंड्रोम असलेली अनेक मुलं या गटात येतात. या मुलांपैकी बहुतेकांना बोलायला उशीर होतो. काहींचे उच्चार अस्पष्ट राहतात, काहींना समजतं बरंच पण सांगता येत नाही, तर काही मुलं शब्दांनी कधीच बोलत नाहीत. त्यांच्यासोबत जे काम चालतं त्याला वाचा आणि भाषा उपचार, म्हणजेच स्पीच थेरपी म्हणतात. मॉन्टेसरींच्या तरुणपणी हा व्यवसाय आजच्या रूपात अस्तित्वातच नव्हता.

डॉक्टर होण्याचा हट्ट

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या कियारावाले या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते, आई वाचनाची आवड असलेली होती. मुलीनं फार तर शिक्षिका व्हावं, असं वडिलांना वाटे. मारियांनी आधी तांत्रिक शाळेत गणित आणि विज्ञान घेतलं, मग वैद्यकशास्त्राचा आग्रह धरला.

रोमच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा मुली जवळजवळ नव्हत्याच. मुलांसोबत शवविच्छेदन करणं मुलीला शोभत नाही, असं मानलं जाई. म्हणून त्यांना संध्याकाळी, बाकीचे विद्यार्थी निघून गेल्यावर, एकटीनं ते काम करावं लागे. १८९६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. इटलीतल्या पहिल्या काही महिला डॉक्टरांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

मनोरुग्णालयातली मुलं

पदवीनंतर मॉन्टेसरी रोम विद्यापीठाच्या मनोविकार विभागात काम करू लागल्या. तपासणीसाठी रुग्ण निवडायला त्यांना शहरातल्या मनोरुग्णालयात जावं लागे. तिथे मोठ्या रुग्णांसोबत मुलंही ठेवलेली होती. या मुलांचं काही होणार नाही, असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं.

त्यांच्या चरित्रांमध्ये एक प्रसंग सांगितला जातो. एका खोलीत ठेवलेली मुलं जेवण झालं की जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे वेचत बसत. देखरेख करणाऱ्या बाईंना ते किळसवाणं वाटे. मॉन्टेसरींनी खोली पाहिली, तर तिथे मुलांच्या हाताला लागेल अशी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलं तुकडे खात नव्हती, त्यांच्याशी खेळत होती. ही मुलं भुकेली आहेत ती अन्नाची नव्हे, तर हातांना काम मिळण्याची, असा अर्थ त्यांनी लावला.

डॉक्टर म्हणून त्यांच्याकडे औषध नव्हतं. पण या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा अधिक आहे, असं त्यांचं मत पक्कं होत गेलं. १८९८ मध्ये तुरिन इथे शिक्षकांच्या परिषदेत त्यांनी ते जाहीरपणे मांडलं. मनोविकारांच्या क्षेत्रातल्या डॉक्टरनं हे म्हणावं, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

दोन फ्रेंच डॉक्टरांचा वारसा

उत्तर शोधताना मॉन्टेसरी जुन्या फ्रेंच पुस्तकांपर्यंत पोहोचल्या. तिथे त्यांना दोन नावं सापडली.

पहिलं नाव झाँ इतार यांचं. १८०० च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण भागात जंगलात वाढलेला एक मुलगा सापडला होता. त्याला बोलता येत नव्हतं. पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेत डॉक्टर असलेल्या इतार यांनी त्याला व्हिक्टर हे नाव दिलं आणि सुमारे ५ वर्षं शिकवलं. व्हिक्टर खूप काही शिकला. दुधासाठीची अक्षरं ओळीनं मांडण्यापर्यंत त्यानं मजल मारली. पण इतार यांना हवं होतं तसं बोलणं त्याला कधीच जमलं नाही, आणि शेवटी ते निराश झाले.

दुसरं नाव एदुआर सेगँ. हे इतार यांचे शिष्य. गुरूचं काम अपुरं का राहिलं, याचा विचार करून सेगँ यांनी क्रम बदलला. थेट शब्दांवर न जाता आधी शरीराच्या हालचाली, मग स्पर्श, नजर आणि कान, त्यानंतर नावं, आणि मग विचार. १८४६ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. पुढे ते अमेरिकेत गेले आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या तिथल्या संस्थांवर त्यांचा प्रभाव पडला.

इटलीत मात्र सेगँ फारसे कुणी वाचत नव्हतं. मॉन्टेसरींनी या दोघांची पुस्तकं स्वतःच्या हातानं इटालियन भाषेत उतरवून काढली. प्रत्येक शब्दाचा अर्थ तोलता यावा, म्हणून हा खटाटोप होता.

नाव शिकवण्याच्या ३ पायऱ्या

सेगँ यांच्याकडून घेतलेली एक साधी युक्ती मॉन्टेसरी पद्धतीत आजही रोज वापरली जाते. तिला ३ पायऱ्यांचा पाठ म्हणतात. समजा मुलाला वाटी आणि चमचा हे शब्द शिकवायचे आहेत.

पहिल्या पायरीवर मोठी व्यक्ती वस्तू हातात देते आणि फक्त नाव सांगते. ही वाटी. हा चमचा. जास्त बोलायचं नाही, मुलाला काही विचारायचं नाही.

दुसऱ्या पायरीवर मुलाकडे वस्तू मागायची. वाटी दे, चमचा ठेव, वाटी माझ्या हातात दे. मुलानं बोलण्याची गरज नाही. योग्य वस्तू उचलली की शब्द समजला, हे कळतं. ही पायरी सगळ्यात लांब चालते.

तिसऱ्या पायरीवर वस्तू दाखवून हे काय आहे, असं विचारायचं. मूल चुकलं तर रागवायचं नाही आणि दुरुस्तही करायचं नाही. दुसऱ्या वेळी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची.

यातलं तत्त्व असं, की समजणं आधी येतं आणि बोलणं नंतर. आज कुठलाही स्पीच थेरपिस्ट मुलाची तपासणी करताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहतो. घरी मात्र उलटं होतं. मूल बोलत नाही म्हणून काळजीत पडलेले आई-बाबा, आजी-आजोबा दिवसभर तिसऱ्या पायरीवरचेच प्रश्न विचारत राहतात. बोल ना, हे काय, काकांना नाव सांग. ज्याला शब्द अजून पुरता कळलेला नाही, त्याच्यासाठी ती रोजची परीक्षा होते. हळूहळू ते मूल उत्तर देणंच सोडून देतं.

हात, अक्षर आणि आवाज

१९०० मध्ये रोममध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी एक संस्था सुरू झाली. मॉन्टेसरी आणि डॉ. जुझेप्पे मॉन्टेसानो हे तिचे संचालक होते. शाळांनी परत पाठवलेली आणि मनोरुग्णालयातली मुलं इथे आली. मॉन्टेसरी सकाळी ८ पासून संध्याकाळी ७ पर्यंत स्वतः मुलांना शिकवत आणि रात्री नोंदी लिहीत.

मुलांना वाचायला शिकवण्यासाठी त्यांनी लाकडाची सुटी अक्षरं बनवून घेतली. स्वरांचा रंग लाल, व्यंजनांचा निळा. मूल अक्षराच्या वळणावरून बोट फिरवी, त्याच वेळी शिक्षिका त्या अक्षराचा आवाज काढी आणि मूल तो आवाज पुन्हा काढून पाही. डोळा, हात, कान आणि तोंड, चारही एकाच वेळी कामाला लागत. लिहिण्याची हालचाल हाताला आधी पाठ होई, पेन्सिल नंतर हातात येई.

भाषेच्या दृष्टीनं यात महत्त्वाचं काय होतं? बोललेला आवाज क्षणात विरून जातो. ज्या मुलाचं लक्ष टिकत नाही, ज्याला ऐकलेलं लक्षात ठेवणं जड जातं, त्याच्यासाठी तो आवाज पकडणं कठीण असतं. लाकडाचं अक्षर मात्र हातात राहतं. हव्या तितक्या वेळा चाचपता येतं. आजही स्पीच थेरपीत चित्रं, वस्तू आणि हाताच्या खुणा वापरतात, त्यामागे हेच कारण आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त लक्षात राहतं.

कान तयार करण्यासाठी त्यांनी पुढे शांततेचा खेळ काढला. सगळी मुलं निश्चल बसत, आणि मॉन्टेसरी लांबून अगदी हलक्या आवाजात एकेकाचं नाव घेत. आपलं नाव ऐकू आलं की मुलानं आवाज न करता उठून यायचं. या खेळात गंमत होती, आणि कुणाला नीट ऐकू येत नाही हेही त्यात कळून येई.

परीक्षा आणि एक अवघड प्रश्न

या संस्थेतली काही मुलं वाचन-लेखनात इतकी पुढे गेली, की त्यांना सर्वसाधारण मुलांसाठीच्या सरकारी परीक्षेला बसवलं आणि ती उत्तीर्ण झाली. रोममध्ये याची मोठी चर्चा झाली. लोकांना तो चमत्कार वाटला.

मॉन्टेसरी मात्र दुसऱ्याच विचारात पडल्या. ज्यांना कमी समजतं म्हणतात ती मुलं एवढं शिकू शकतात, तर सर्वसाधारण शाळांमधली निरोगी मुलं इतकी मागे का? दोष मुलांचा की शाळांचा? या प्रश्नानं त्यांच्या आयुष्याला वळण दिलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. परीक्षा पास झालेली मुलं संस्थेतली सगळी नव्हती, काही होती. त्यांच्यापैकी काहींना बौद्धिक अपंगत्व नसून केवळ हाल आणि दुर्लक्ष वाट्याला आलं असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. म्हणून या पद्धतीनं प्रत्येक मूल बरं होतं, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. बौद्धिक अपंगत्व हा आजार नाही आणि स्पीच थेरपी हा त्यावरचा इलाज नाही. मूल आज जिथे आहे, तिथून एक पाऊल पुढे कसं जाईल, एवढाच तिचा प्रयत्न असतो.

दूर ठेवलेला मुलगा

याच काळात मॉन्टेसरींच्या खासगी आयुष्यात मोठी उलथापालथ चालू होती. सहकारी मॉन्टेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ मध्ये मुलगा झाला. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. अविवाहित आईला तेव्हाच्या इटलीत डॉक्टर म्हणून काम करणं अशक्य झालं असतं. मुलाचं नाव मारिओ ठेवलं आणि त्याला गावाकडच्या एका कुटुंबात वाढायला दिलं. मॉन्टेसरी त्याला भेटायला जात, पण आपण कोण हे सांगत नसत. पुढे मॉन्टेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी लग्न केलं आणि १९०१ मध्ये मॉन्टेसरी संस्था सोडून बाहेर पडल्या.

आईच्या निधनानंतर, म्हणजे मारिओ १५ वर्षांचे झाले तेव्हा, त्यांनी मुलाला आपल्याजवळ आणलं. तरीही जगाला त्याची ओळख बराच काळ भाचा किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जात होती. पुढची ४० वर्षं मारिओ त्यांच्या कामात सोबत राहिले.

संस्था सोडणं ही मॉन्टेसरींची नवी सुरुवात ठरली. ज्या मुलांपासून त्या शिकल्या, त्यांच्यासाठी मात्र ते नुकसान होतं. यानंतर मॉन्टेसरींचं मुख्य काम बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसोबत राहिलं नाही.

सॅन लोरेन्झोची बालवाडी

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी मुलांचं घर सुरू केलं. वस्तीतल्या इमारती दुरुस्त करणाऱ्या कंपनीला, आईवडील कामावर गेल्यावर मुलांनी भिंती खराब करू नयेत म्हणून त्यांना सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. सुमारे ५० मुलं जमली. बहुतेक शाळेत जायच्या वयाच्या आतली.

इथे लाकडी अक्षरं परवडणारी नव्हती. मॉन्टेसरींनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. आज बालवाड्यांत दिसणारी अक्षरं ती हीच. काही महिन्यांत ४-५ वर्षांची मुलं लिहू लागली आणि ती बातमी जगभर गेली. १९०९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात भाषेवरच्या प्रकरणात लहान मुलांचे सदोष उच्चार आणि ते वेळीच ओळखण्याची गरज यांबद्दल त्यांनी बरंच लिहिलं आहे.

प्रसिद्धीसोबत तडजोडीही आल्या. मुसोलिनीच्या राजवटीनं सुरुवातीला त्यांच्या शाळांना पाठिंबा दिला आणि त्यांनी तो घेतला. याबद्दल त्यांच्यावर आजही टीका होते. पुढे हे नातं तुटलं, इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद पडल्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर तिथलं घर सोडून त्या नेदरलँड्सला गेल्या.

अड्यार आणि अहमदनगर

१९३९ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ७० व्या वर्षात असताना, मॉन्टेसरी मारिओंसोबत मद्रासला आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांनी त्यांना शिक्षकांच्या वर्गासाठी बोलावलं होतं. अड्यारमध्ये झावळ्यांच्या झोपड्या उभारल्या गेल्या आणि देशभरातून सुमारे ३०० शिक्षक जमले.

मुक्काम काही महिन्यांचाच ठरला होता. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि हिंदुस्थानातले इटालियन लोक ब्रिटिशांसाठी शत्रू ठरले. मारिओंना पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आलं. मॉन्टेसरींना अड्यारच्या आवाराबाहेर जायला बंदी झाली. ३१ ऑगस्टला त्यांच्या ७० व्या वाढदिवसाची भेट म्हणून सरकारनं मारिओंना सोडलं. सगळ्या आयुष्यभर ज्या मुलाला मुलगा म्हणता आलं नव्हतं, त्याला सरकारी संदेशात त्यांचा मुलगा म्हटलं गेलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

युद्धाची बरीच वर्षं त्या कोडाईकॅनालला राहिल्या. १९४६ मध्ये त्या युरोपला परतल्या, नंतर पुन्हा आल्या. भारतातल्या वर्गांतून हजाराहून जास्त शिक्षक तयार झाले. इथल्या व्याख्यानांतूनच १९४९ मध्ये बालमनावरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक निघालं. मूल भाषा धड्यांनी शिकत नाही, भोवतालच्या बोलण्यातून शोषून घेतं, आणि त्यासाठी पहिली ६ वर्षं सर्वात मोलाची असतात, हा त्यातला एक गाभ्याचा विचार आहे.

विदर्भाशी जुळलेला धागा

मॉन्टेसरी भारतात येण्याच्या कितीतरी आधी त्यांचा विचार मराठीत पोहोचला होता. लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत संसार केलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. महागडं परदेशी साहित्य आपल्या गरीब मुलांना परवडणार नाही, हे ताराबाईंनी ओळखलं. पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी पानं, शिंपले, दगड, बिया यांतूनच साहित्य तयार केलं. वाटी-चमच्यावरही भाषा शिकवता येते, हे आपल्याकडे त्यांनी दाखवून दिलं.

नागपुरात एक वेगळी वाट तयार झाली. परिचारिका असलेल्या कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघाची सुरुवात केली. सीताबर्डीतल्या छोट्या प्रसूतिगृहापासून सुरू झालेली ही संस्था पुढे वाढली, आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी नंदनवन ही शाळा तिनं चालवली. बाळंतपण आणि अशा मुलांची शाळा, ही दोन कामं वरवर लांबची वाटतात. पण जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडणं हे बौद्धिक अपंगत्वाच्या कारणांपैकी एक आहे. सुरक्षित बाळंतपण हा त्यातला प्रतिबंध, आणि शाळा ही पुढची सोबत.

स्पीच थेरपी हा शिकून करायचा व्यवसाय म्हणून आपल्याकडे १९६० च्या दशकात उभा राहिला. मुंबईचं नायर रुग्णालय आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था ही त्याची सुरुवातीची केंद्रं. १९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय हे काम करता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अपंगत्वाचा समावेश आहे, आणि मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता सामावून घ्यावं, असं तो सांगतो.

नागपूरच्या घरातला प्रश्न

घरात मराठी किंवा वऱ्हाडी, शेजारी आणि बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी. नागपूरच्या मुलांच्या कानावर लहानपणापासून ३ भाषा पडतात. मूल उशिरा बोलू लागलं की घरी सल्ला मिळतो, की मराठी बंद करा, एकच इंग्रजी ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

अभ्यास याच्या उलट सांगतात. दोन भाषा ऐकल्यामुळे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाचं नुकसान होतं, असं दिसलेलं नाही. घरची भाषा तोडली तर मात्र आजीशी, मावशीशी, शेजारच्या मुलांशी जो संवाद होणार होता, तोच बंद पडतो. ज्या भाषेत आई सहज बोलते, त्याच भाषेत मुलाला सर्वात जास्त शब्द मिळतात.

थेरपीची सुरुवात साधारण कानाच्या तपासणीनं होते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये कमी ऐकू येण्याचं प्रमाण बरंच असतं आणि ते लक्षातच येत नाही. मग मुलाला काय समजतं, तो काय सांगू शकतो, गिळणं-चावणं कसं आहे, हे पाहतात. त्यानंतरचं बरंचसं काम घरीच होतं. आठवड्यातला एखादा तास थेरपिस्टचा, बाकीचे दिवस घरच्यांचे. आंघोळ, जेवण, भाजी निवडणं या रोजच्या कामात तेच मोजके शब्द पुन्हा पुन्हा, सावकाश वापरायचे आणि मुलाच्या उत्तरासाठी थांबायचं. आपण ५ सेकंदही थांबत नाही, मुलाला त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

जी मुलं शब्दांनी बोलू शकत नाहीत, त्यांना चित्रांचं पुस्तक, हाताच्या खुणा किंवा मोबाइलवरचं ॲप देता येतं. यामुळे मूल बोलणं सोडून देईल, अशी भीती पालकांना वाटते. अनुभव असा नाही. पाण्याचं चित्र दाखवून पाणी मिळालं, की सांगण्यात अर्थ आहे हे मुलाला उमगतं, आणि काही मुलांमध्ये त्यानंतर शब्दही येऊ लागतात. चिडणं, मारणं, डोकं आपटणं हेही अनेकदा कमी होतं. सांगता न आलेली गोष्ट शरीरातून बाहेर पडत असते.

इतार व्हिक्टरकडून बोलण्याची वाट पाहत राहिले आणि न मिळाल्यावर खचले. पण व्हिक्टर अक्षरं मांडून दूध मागत होता. आजच्या भाषेत तो संवादच होता. २०० वर्षांत या क्षेत्रानं शिकलेला मोठा धडा हाच, की उच्चार हे ध्येय नाही, सांगता येणं हे ध्येय आहे.

मागे राहिलेलं देणं

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधल्या समुद्रकाठच्या नॉर्डवाइक गावात मॉन्टेसरींचं निधन झालं. त्याआधीच्या ३ वर्षांत नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचं नाव ३ वेळा सुचवलं गेलं होतं. पुरस्कार मिळाला नाही, पण नाव जगभर राहिलं.

त्या नावामागचा हिशेब मात्र अजून पुरा झालेला नाही. जे साहित्य आज हजारो बालवाड्यांमध्ये सर्वसाधारण मुलं हाताळतात, ते आधी रोमच्या त्या मुलांच्या हातात तपासलं गेलं. कुठल्या पायरीवर किती थांबायचं, नाव कधी सांगायचं आणि कधी विचारायचं नाही, हे त्या मुलांनी डॉक्टर मॉन्टेसरींना शिकवलं. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. त्यांच्यासारख्याच एखाद्या मुलाचे आई-बाबा आज नागपुरातल्या एखाद्या बालवाडीच्या दारात प्रवेशासाठी उभे असतील, तर हे मूल इथे कसं शिकेल, असा प्रश्न त्यांना विचारला जाऊ नये. ही पद्धत मुळात त्याच्यासाठीच निघाली होती.